सोनोग्राफी नॉर्मल, मग दुर्बिणीचं ऑपरेशन कशाला?

ताई, लेक १५ वर्षांची, दर पाळीला पोटदुखीने तीन दिवस शाळा बुडते, सोनोग्राफी स्वच्छ, तरी डॉक्टर दुर्बिणीने बघू म्हणतात आणि घरचे विरोधात आहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं दुखणं चौदाव्या वर्षी सुरू झालं, एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं, निदान सव्विसाव्या वर्षी झालं. मधली बारा वर्षं 'रिपोर्ट नॉर्मल आहे' आणि 'लग्न झालं की थांबेल' हे ऐकण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

सोनोग्राफीत या आजाराची अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसते. या वयात मात्र एंडोमेट्रिओसिस बहुतेकदा ओटीपोटाच्या आतल्या अस्तरावर बारीक ठिपक्यांसारखा असतो आणि तो सोनोग्राफीत सहसा सापडत नाही.

तरीही आधी एक विचारते: हॉर्मोनच्या गोळ्या तिने सलग घेतल्या का? 'गर्भनिरोधक गोळ्या कुमारी मुलीला कशाला' म्हणून अनेक घरांत त्या मध्येच बंद होतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, एकॉगचा, २०१८चा सल्ला असा की आधी वेदनाशामक आणि हॉर्मोन द्यावेत आणि तीन ते सहा महिन्यांत उतार पडला नाही तर पुढचा तपास करावा. या औषधांना दाद न देणाऱ्या मुलींपैकी किमान दोन-तृतीयांश जणींना दुर्बिणीत हा आजार सापडतो, असंही त्यात म्हटलंय. तेव्हा गोळ्या नीट घेऊनही दुखत असेल, तर तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

सर्जन मात्र पारखून घ्या. मोठ्या बायकांमधले डाग सहसा काळे-निळे असतात. मुलींमधले बरेचदा पाण्यासारखे पारदर्शक किंवा लाल असतात, आणि सवय नसलेल्या नजरेतून निसटतात. काही सर्जन ओटीपोटात सलाईन भरून कॅमेरा त्यात बुडवतात, म्हणजे पारदर्शक फोड उठून दिसतात. किशोरवयीन मुलींची अशी ऑपरेशनं केलीत का, डाग दिसले तर त्याच भुलेत काढणार का, बायोप्सीला (तुकडा प्रयोगशाळेत तपासायला) पाठवणार का, हे स्पष्ट विचारा. गर्भाशयाच्या रचनेत जन्मजात अडथळा नाही ना, हेही आधीच बघून घ्यायला सांगा. या वयात गर्भाशय किंवा अंडाशय काढायचा प्रश्नच येत नाही, हे घरच्यांना जरूर सांगा.

छेद छोटे असतात, एक बेंबीत आणि एक-दोन बाजूला. पोटात भरलेल्या गॅसमुळे नंतर खांदा दुखू शकतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी फार घाबरले होते.

ऑपरेशनने आजार मुळासकट जात नाही. नंतर हॉर्मोन चालू ठेवावे लागतात, गोळ्या किंवा मिरेना, म्हणजे गर्भाशयात बसवायची हॉर्मोन सोडणारी तांबी-सारखी वस्तू. मिरेना त्याच भुलेत बसवता येते, म्हणजे बसवताना मुलीला वेगळा त्रास होत नाही. पाळी थांबवणारी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं कुणी सुचवली, तर हाडांवरच्या परिणामाचं विचारा. हे वय हाडं भरण्याचं आहे, म्हणून ती सहसा पहिली निवड नसते.

पुढच्या वेळी जाताना दुखण्याच्या तारखा, गोळ्या आणि बुडालेली शाळा वहीत लिहून न्या. आणि डॉक्टरांशी तिला स्वतःला बोलू द्या, थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल.