ट्रेडमिल की सायकल?

प्रश्न : वय ५८, वजन ८४ किलो. जिना उतरताना गुडघे दुखतात. आमचा वन बीएचके तिसऱ्या मजल्यावर आहे. मुलगा ट्रेडमिल घेऊ म्हणतो, मला घरातली व्यायामाची सायकल बरी वाटते. काय घेऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, सायकलच घ्या. शरीराचं बरंचसं वजन सीटवर जातं, गुडघ्यांना हिसके बसत नाहीत. मात्र सीटची उंची नीट लावा. पेडल अगदी खाली गेलं की गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खाली ठेवून दामटत बसलात तर आहे ते दुखणं वाढेल. घेताना मॅग्नेटिक रेझिस्टन्सवालीच, म्हणजे चाकाला न घासता चुंबकाने पेडल जड करणारीच बघा. चाकाला पट्टा किंवा फेल्ट (जाड लोकरी कापड) घासणाऱ्या स्वस्त मिळतात, पण ते झिजतं आणि कुरकुर सुरू होते. दुकानात बूट घालून चांगली दहा मिनिटं मारून पाहा. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे अजिबात बघू नका.

आता चिरंजीवांची ट्रेडमिल. जाहिरातीतला ‘पीक’ हॉर्सपॉवरचा आकडा क्षणभराचा असतो. मोटर सतत किती ताकद देते ते विचारायचं. पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉन तेल सोडावं लागतं, ते कोण करणार? (तुम्हीच!) शिवाय पहाटे साडेपाचला तुमच्या पावलांची धपधप दुसऱ्या मजल्यावर ऐकू जाणार. त्यांना विचारलंय का?

गुडघा सुजत किंवा मध्येच अडकत असेल, तर खरेदी नंतर. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून या.