बर्फ स्पेनचा, पैसा सोयाबीनचा

लातूरहून एका शिक्षिका भगिनींचे पत्र आले आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, यजमानांचे कृषी सेवा केंद्र आहे, औसा तालुक्यात सहा एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगी नववीत आणि मुलगा दहा वर्षांचा आहे. येत्या नाताळात चौघांनी दक्षिण स्पेनमधील सिएरा नेवाडा येथे स्कीइंगसाठी जावे, असे घरात ठरत आले आहे. प्रवास कंपनीने २३ ते ३१ डिसेंबर या काळासाठी ९.४० लाख रुपये सांगितले असून त्यासाठी १४ टक्के व्याजाचे पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे, ठेव मोडावी की यंदाचे सोयाबीन तारण ठेवावे, असा त्यांचा प्रश्न आहे. "गावाकडची उधारी वसूल होत नसताना आपण परदेशी गेलो तर लोक काय म्हणतील," ही शंकाही त्यांनी शेवटच्या ओळीत, जणू अवांतर म्हणून, लिहिली आहे.

सप्रेम नमस्कार.

आपली ही सहल मला चैन वाटत नाही आणि ती रद्द करा असेही मी सांगणार नाही. मात्र नाताळात जाऊ नये, कर्ज काढून जाऊ नये, आणि कंपनीने सांगितलेला आकडा हाच सहलीचा खर्च आहे असे समजू नये. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, बार्सिलोनाचे दोन मुक्काम वगळून, स्वतःच्या जमलेल्या पैशांतून ही सहल होऊ शकते. पण त्यासाठी एक अट पाळावी लागेल, तिच्याकडे मी पुढे येतो.

प्रथम आकडा. आपण पाठवलेले कंपनीचे पत्रक मी दोनदा वाचले. त्यात "बर्फातील खेळांचा अनुभव" असे लिहिले आहे. उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा पास, बूट आणि स्की भाड्याने घेण्याचा खर्च व प्रशिक्षकाचे शुल्क यांचा उल्लेख कोठेही नाही. सिएरा नेवाडात हॉटेले आहेत ती प्रादोयानो या सुमारे २,१०० मीटर उंचीवरील वस्तीत, आणि नवशिक्यांची सपाट मैदाने आहेत ती सुमारे २,७०० मीटरवरील बोरेगिलेस येथे. तेथे गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, वर जावे लागते. म्हणजे ज्याला फक्त पडायला शिकायचे आहे त्यालाही तिकीट काढल्याशिवाय गत्यंतर नाही. चौघांचे तीन दिवस धरले तर या खात्यावर हजार-अकराशे युरो सहज लागतील. हिशेबाच्या सोयीसाठी युरो ११० रुपयांचा धरला तर हे सुमारे १.२० लाख रुपये होतात. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या, व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो व सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. मुलगी बारा वर्षांच्या पुढची असल्याने तिचे शुल्क पूर्ण लागेल, म्हणून चौघांचे ३१५ युरो, म्हणजे ३५ हजारांच्या आसपास. विमा वीस हजार, आणि गरम कपडे, बाहेरचे जेवण व किरकोळ खर्चासाठी ७५ हजार धरले, तर पत्रकाबाहेरचा खर्च अडीच लाखांवर जातो. नाताळातली सहल त्यामुळे ९.४० नव्हे, ११.९० लाखांची आहे.

त्याच कंपनीने आपल्याला १ ते ९ फेब्रुवारीसाठी ७.९० लाख आणि बार्सिलोना वगळल्यास ६.९० लाख असा दर दिला आहे. त्यात वरचे अडीच लाख मिळवले की बेरीज पुन्हा ९.४० लाखच होते. आपण मनात धरलेल्या रकमेतच सगळे बसते, फक्त तारीख बदलावी लागते.

तारखेचा मुद्दा केवळ दराचा नाही. सिएरा नेवाडा सुमारे ३७ अंश अक्षांशावर, भूमध्य समुद्रापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. निरभ्र दिवशी वरून आफ्रिकेचा किनारा दिसतो. ऊन हेच त्या ठिकाणाचे आकर्षण आहे आणि त्याचा धोकाही तेच आहे. तेथे १९९५ साली व्हायची जागतिक अल्पाइन स्कीइंग अजिंक्यपद स्पर्धा बर्फ नसल्याने एक वर्ष पुढे ढकलून १९९६ मध्ये घ्यावी लागली. ज्यांच्यामागे एवढी यंत्रणा होती त्यांना बर्फाने थांबवले, तर आपल्या नऊ दिवसांची हमी कोण देणार? डिसेंबरात हंगाम नुकताच सुरू झालेला असतो, तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला थर बसलेला असण्याची शक्यता अधिक असते. शिवाय फेब्रुवारीअखेर, २८ तारखेच्या अँडालुसिया (तेथील प्रांत) दिनाच्या आसपास, तेथील शाळांना सुट्या लागून पुन्हा गर्दी होते. त्याआधीचा पंधरवडा म्हणूनच सोयीचा आहे. जोराच्या वाऱ्याने लिफ्ट बंद राहण्याचे प्रसंगही तेथे येतात. याकरिता स्कीइंगचे तीनच दिवस ठेवावेत आणि उरलेले ग्रानाडा व माद्रिदला द्यावेत. एखादा दिवस वाया गेला तरी पायथ्याशी, तासाभराच्या आत, ग्रानाडातील अलहांब्रा हा जुना मुस्लिम राजवटीतील राजवाडा आहे. त्याची तिकिटे नावासह व वेळेसह आगाऊ काढावी लागतात, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्या दिरांनी सुचवलेला गुलमर्गचा पर्याय स्वस्त आहे यात शंका नाही. तेथेही गोंडोला आहे, आणि अक्षांशाने गुलमर्ग सिएरा नेवाडाच्याही दक्षिणेला आहे. पण २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चपर्यंत लांबल्या होत्या, तेव्हा बर्फाची खात्री म्हणून तिकडे जाऊ नये. मुलांना अलहांब्रा दाखवायचा असेल तर त्याची भरपाई गुलमर्गने होत नाही. हा निर्णय मी आपल्यावर सोडतो.

आता पैसा कोठून आणायचा ते पाहू. पाच लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १७,१०० रुपये पडेल आणि व्याजापोटी एकूण सव्वा लाखाच्या थोडे खाली, म्हणजे १.१५ लाख रुपये जातील. घरकर्जाचा २४ हजारांचा हप्ता आधीच आपल्या पगारातून जातो. दोन्ही मिळून ४१ हजार झाले की ६८ हजारांच्या पगारात उरते काय? खरीप चांगले गेले तर दुकान ही तूट भरून काढील. परंतु २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने दुकानाची काय अवस्था केली, हे आपणच पत्रात लिहिले आहे: ११ लाखांची उधारी, आणि कंपन्यांची देणी सात लाखांची. ज्या घराचे एक उत्पन्न पावसावर चालते त्या घराने दुसऱ्या, पगाराच्या उत्पन्नावर नवा बोजा टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोयाबीन तारण ठेवण्याची कल्पना मात्र मी गंभीरपणे तपासली, कारण ती वरवर फार शहाणपणाची दिसते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. आपण पन्नास क्विंटलचा अंदाज दिला आहे. भाव ४,५०० रुपये धरला तर २.२५ लाखांच्या मालावर सुमारे १.६९ लाख मिळतील आणि सहा महिन्यांचे व्याज पाच हजारांच्या आसपास होईल. १४ टक्क्यांपुढे हे किरकोळच. पण ही योजना काढणीच्या गर्दीत पडत्या भावाने माल विकावा लागू नये म्हणून आहे. गेल्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि काढणीच्या दिवसांत बाजार समितीत भाव त्याच्या बराच खाली होता, हे आपण जाणता. तारणाचे पैसे घरात राहिले तर भावाची वाट पाहता येते. ते स्पेनमध्ये खर्च झाले तर एप्रिल-मेमध्ये भाव काहीही असो, माल विकूनच तारण फेडावे लागेल, आणि त्याच ढिगाच्या भरवशावर काढलेले दीड लाखाचे पीककर्ज त्याआधी, ३१ मार्चपर्यंत, फेडायचे आहे. ते चुकले तर व्याजसवलतही जाईल. एकच ढीग दोन ठिकाणी मोजलेला आहे. त्यातून माल अजून शेतात उभा आहे.

मुलीच्या शिक्षणासाठीच्या म्युच्युअल फंडातील ११ लाखांना हात लावू नये. तिला वैद्यकीयला जायचे आहे, आणि काही खासगी महाविद्यालयांचे एका वर्षाचे शुल्कच या सहलीएवढे किंवा त्याहून अधिक असते. बँकेतील पाच लाखांची मुदत ठेव हा दुकानाचा आपत्कालीन निधी आहे. तीही मोडू नये.

उरते ती एका मल्टिस्टेट पतसंस्थेतील साडेचार लाखांची ठेव, जिची मुदत २० नोव्हेंबरला संपते आणि जिच्यावर ११ टक्के व्याज मिळते म्हणून आपण तिला सर्वांत शेवटी मोडायची रक्कम मानले आहे. माझ्या मते ती सर्वांत आधी बाहेर यायला हवी. बँकेतील ठेवींना प्रति ठेवीदार पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते; पतसंस्थेतील ठेवींना, मग ती मल्टिस्टेट असो वा नसो, हे संरक्षण नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात अशा किती संस्थांच्या दारांवर कुलपे लागली आणि निवृत्त शिक्षकांना पासबुके घेऊन कितीदा जिल्हाधिकारी कार्यालयापुढे बसावे लागले, हे मी आपल्याला सांगायला नको. आपली संस्था बुडेल असे माझे म्हणणे नाही. बँकेपेक्षा चार टक्के जास्त मिळतात ते याच जोखमीचे मोल आहे, एवढेच म्हणणे आहे. सहलीचे निमित्त झाले आणि ही रक्कम बाहेर आली, तर सहलीने घराचे भलेच केले असे होईल.

ठेवीचे साडेचार लाख, आपल्या आवर्ती ठेवीचे २.२० लाख आणि सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत दरमहा २० हजारांप्रमाणे बाजूला पडणारे एक लाख, असे ७.७० लाख होतात. राहिलेले १.७० लाख दिवाळीनंतरच्या वसुलीतून, कंपन्यांची देणी भागवून, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हाती आले तरच बुकिंग करावे. माझी अट ती हीच. वसुली झाली नाही तर सहल एक वर्ष पुढे न्यावी. "आज एक लाख भरा, बाकी बिनव्याजी हप्त्यांनी" या सवलतीत तो पहिला लाख परत न मिळणारा आहे, हे पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले आहे. व्याज नाही म्हणून ते फुकट आहे असे समजू नये.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न आपण समजता तसा अवांतर नाही. ज्या शेतकऱ्याकडे आपली २० हजारांची उधारी आहे त्याने दुकानदाराचे बर्फातले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले, तर त्याचे देणे यादीत सर्वांत खाली जाते. वसुली आधी करावी, आणि फोटो घरच्यांपुरते ठेवावेत.

काही गोष्टी थोडक्यात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा कर, घेते. त्याचा दर अलीकडच्या अर्थसंकल्पांत वारंवार बदलला असल्याने पैसे भरण्याच्या दिवशीचा दर लेखी मागावा. नवीन करप्रणालीत आपणा दोघांनाही कर लागत नाही, त्यामुळे ही रक्कम वजावटीत न जाता विवरणपत्र भरल्यावर परतावा म्हणून येईल. ती काही महिने अडकून राहील हे धरून चालावे. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, पण साध्या पॉलिसीत स्कीइंगची दुखापत बहुधा वगळलेली असते. हिवाळी खेळांचे जोडसंरक्षण घ्यावे आणि आखलेल्या मार्गाबाहेरच्या घसरणीला ते लागू आहे का, हे वाचून पाहावे. बर्फ पडला नाही म्हणून मात्र कोणतीही साधी पॉलिसी पैसे देत नाही. आपली रजा व परदेश प्रवासाची परवानगी यांचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत दिवाळीपूर्वीच गेला पाहिजे, कारण तो कागद व्हिसाच्या अर्जासोबत जोडायचा आहे. नोव्हेंबरअखेर खात्यात एकदम साडेचार लाख जमा झालेले दिसतील, तेव्हा ठेवीची मूळ पावती आणि मुदतपूर्तीचा हिशेब यांच्या प्रतीही सोबत ठेवाव्यात.

पतसंस्थेला मात्र नोव्हेंबरची वाट पाहत बसू नका. ठेवीचे आपोआप नूतनीकरण करू नये आणि रक्कम माझ्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या खात्यात वर्ग करावी, असे दोन ओळींचे पत्र याच आठवड्यात द्या, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.