सोरायसिसवर चिनी वनस्पतींपासून केलेली औषधं खरंच गुणकारी असतात का?

बहिणीच्या कोपरांवर आणि टाळूवर सोरायसिस आहे, ओळखीच्या कुणीतरी चिनी झाडपाल्याच्या गोळ्या आणि मलम सुचवलंय, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. खाली जोडलंय, "वनस्पतींचंच आहे, त्यामुळे अपाय तर नाहीच." लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. आमच्या घरात या वाक्यावरून अजून भांडण चालू आहे.

माझं मेडिकलचं दुकान आहे. थोरल्या भावाला, दादाला, सोरायसिस. खपल्या, खाज, पूर्ण बाह्यांचे शर्ट, सगळं तुम्हाला माहीत असेलच. आमचे दाजी एकदा परदेशातून येताना पांढरा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आले. वर चिनी अक्षरं, घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. "शुद्ध वनस्पती आहे," दाजी म्हणाले. आठवड्याभरात दादाचे चट्टे सपाट झाले. गणपतीचे दिवस होते. आरतीला येईल त्याला दाजी दादाचे कोपर वर करून दाखवायचे.

दुकानात बसणाऱ्या माणसाला एवढ्या झटपट उतारावरूनच वास येतो. मी म्हटलं, यात जोरदार स्टिरॉइड असणार. दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला तुझ्या ट्यूबा खपवायच्यात." ताई हसली, आई हसली, विषय संपला.

डबा संपला, दुसरा यायला उशीर झाला. आधी होते त्याच्या दुप्पट चट्टे आले, मग पाठ लाल झाली आणि त्यावर पुवाच्या बारीक पुळ्या. अंगात ताप. त्वचारोगतज्ज्ञांनी दाखल करून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय लावत होता?" दादाने रिकामा डबा पुढे केला. तो डबा कुणी तपासून घेतला नाही, म्हणून दाजी आजही सांगतात की हवामान बदललं होतं. बरं. पण १९९९ साली लंडनच्या डॉक्टरांनी चिनी वनस्पतींची म्हणून दिलेली ११ क्रीम तपासली होती. त्यातल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे जोरदार स्टिरॉइड निघालं. हा कुठल्या झाडाचा पाला, ते दाजींनी सांगावं.

आता तुमचा प्रश्न. हो, काही चिनी वनस्पतींमध्ये खरोखर दम आहे. सगळ्यात भक्कम पुरावा 'छिंग दाई'चा, म्हणजे निळीचा. नीळ देणाऱ्या झाडाची पानं भिजवायची, चुना घालून घुसळायचं, वर येणारा निळा फेस वाळवायचा. तैवानच्या चांग गुंग हॉस्पिटलमधल्या लिन यिन-कू यांच्या गटाने २००८ साली ४२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येकाच्या एका चट्ट्यावर निळीचं मलम, दुसऱ्यावर औषध नसलेलं मलम, १२ आठवडे. ३१ जणांचा निळीचा चट्टा साफ किंवा जवळजवळ साफ झाला. अडचण एकच, कातडी आणि कपडे निळे. म्हणून पुढे त्याच लोकांनी त्यातलं इंडिरुबिन जास्त ठेवून डाग कमी पाडणारा अर्क केला. इंडिरुबिन पेशींमधल्या ज्या रिसेप्टरवर (संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर) बसतं, त्याच रिसेप्टरवर काम करणाऱ्या टॅपिनारॉफ नावाच्या क्रीमला २०२२ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी मान्यता मिळाली. तेव्हा हे काही थोतांड नाही.

पण हीच नीळ पोटात घेतली की गोष्ट बदलते. जपानमध्ये आतड्यांच्या आजारासाठी ती खाणाऱ्या काही रुग्णांच्या फुफ्फुसांच्या धमन्यांमधला दाब वाढला आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला.

दुसरी वनस्पती 'लेइ गोंग तेंग'. हिच्या मुळातलं ट्रिप्टोलाइड प्रतिकारशक्तीला लगाम घालतं, चीनमध्ये हिच्या गोळ्या सोरायसिसला देतातही. गुण येतो. सोबत यकृत आणि किडनीला मार बसू शकतो, बायकांची पाळी बंद पडू शकते, पुरुषांचे शुक्राणू इतके घटतात की गर्भनिरोधक म्हणून हिच्यावर संशोधन झालं. तुमच्या बहिणीला पुढे मूल हवं असेल तर त्या गोळ्यांमध्ये ही आहे का, हे आधी शोधा. यादीच नसेल तर प्रश्न मिटला, घेऊ नका.

तिसरी तर आपल्याच बांधावरची, बावची. चिनी वैद्य तिला 'बू गू झी' म्हणतात. तिच्यातलं सोरालेन आणि अतिनील किरणं यांची जोडी म्हणजे 'पुवा' (PUVA) उपचार. १९७४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरायसिसवर तो गाजवला, तो मात्र सोरालेनच्याच जातीची मोजलेली गोळी आणि मोजलेला प्रकाश वापरून. घरी बावचीचं तेल चोपडून गच्चीत बसलेल्यांच्या अंगावरचे फोड मी दुकानात पाहिलेत.

दाजींचा ठरलेला टोला असतो, "तुमच्या मेथोट्रेक्झेटनेही लिव्हर जातंच की." जाऊ शकतं. म्हणूनच सोरायसिसवरची ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि ठरावीक काळाने रक्त तपासतात. तुमच्या त्या डब्यातलं काय किती आहे, आणि तपासायचं काय? ज्या झाडपाल्याने गुण येतो त्यात औषध असतं, आणि औषधाला मात्रा लागते. एवढंच मी त्या गणपतीत म्हणत होतो.

मलम आधीच सुरू केलं असेल तर एकदम थांबवू नका, डबा घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. (तैवानचं मलमही फक्त लावायचं होतं, आणि चट्टा साफ झाला म्हणजे आजार कायमचा गेला असं नाही. ते डॉक्टरांच्या कुठल्याच औषधाने होत नाही, हेही खरं.) आणि टाळूवर आहे म्हणालात म्हणून सांगतो, बहिणीच्या नखांवर बारीक खड्डे आहेत का, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, हे विचारा. तसं असेल तर सोरायसिस सांध्यांत शिरला असू शकतो, म्हणून सांध्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. तिथे मलम चिनी असो की माझ्या दुकानातलं, काही कामाचं नाही.