पाव इंच म्हणजे दोन सूत: तुकड्यांच्या टेबल रनरबद्दल वाचकांचे प्रश्न

ब्लाऊजपीस, अस्तर, कुर्ते, पडदे शिवून उरलेल्या तुकड्यांचे रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध लांबीत पसरायच्या कापडी पट्ट्या, करणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. एकाच प्रश्नाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आमचं जेवणाचं टेबल 5 फूट लांब, 3 फूट रुंद आहे. पिशवीभर सुती तुकडे साठलेत. रनर केवढा करावा आणि कापड किती लागेल? (सांगली)

रनरची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या एक-तृतीयांश धरा. त्याहून रुंद केला तर ताटं अर्धी रनरवर, अर्धी बाहेर राहतात आणि कलतात. लांबीत दोन्ही टोकांना 6-6 इंच लोंबू द्या. म्हणजे तुमचा रनर 72 इंच लांब आणि 12 इंच रुंद.

सगळ्यात सोपी मांडणी चौकोनांची. साडेसहा इंची चौकोन कापा. चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) शिवणीत गेली की तो 6 इंचांचा उरतो. रुंदीत 2, लांबीत 12, असे एकूण 24 चौकोन लागतील. 36 इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाची साडेसहा इंची पट्टी काढली तर तीत 5 चौकोन बसतात. एवढा मोठा चौकोन ज्या तुकड्यात बसत नाही, त्याच्या अडीच इंची पट्ट्या काढा. अशा 3 पट्ट्या जोडल्या की पुन्हा साडेसहा इंच रुंदी होते.

खालच्या थराला मांजरपाट किंवा जुनी सुती चादर चांगली. तो चारही बाजूंनी 2 इंच जास्त ठेवायचा, म्हणजे 76 बाय 16. बाजारातून मांजरपाट आणणार असाल तर सव्वादोन मीटर घ्या, कारण कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात चांगलाच आटतो. 36 इंच पन्हा असेल तर तेवढ्यात दोन रनरची सोय होते. गोटासाठी, म्हणजे कडांना दुमडून लावायच्या पट्टीसाठी, सव्वादोन इंच रुंदीच्या 6 पट्ट्या लागतील. घेर 168 इंच आहे, पण तिरक्या जोडांत आणि कोपऱ्यांत बरंच कापड जातं. तेव्हा सहावी पट्टी वाचवायच्या मोहात पडू नका.

आणि कापायच्या आधी सगळं धुवा. प्रत्येक तुकडा वेगळ्या कपड्यातून आलेला असतो आणि वेगळ्या प्रमाणात आटतो. शिवल्यावर आटला तर चौकोनाचा द्रोण होतो, मग इस्त्रीचाही उपाय चालत नाही. लाल, गडद निळे, कलमकारी किंवा बाटिकचे तुकडे असतील तर ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून बघा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा रनरमधून बाद. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवल्यावर सुटणारा रंग पक्का होतो, असं बऱ्याच घरांत मानतात, पण त्यावर विसंबू नका. मीठ रंगवण्याच्या वेळी कामाचं, नंतर नाही.

प्रश्न: मोजून कापूनसुद्धा दोन ओळी जुळत नाहीत. एक ओळ दुसरीपेक्षा इंचभर लांब होते. असं का? (डोंबिवली, नाशिक)

कारण अर्ध्या सुतात आहे. शिंप्याच्या हिशेबात इंचाचे 8 सूत, म्हणजे पाव इंच माया 2 सुतांची. एका ओळीत 12 चौकोन, म्हणजे 11 शिवणी. प्रत्येक चौकोनाची माया अर्धा सूत जास्त गेली तर एका शिवणीत दोन्हीकडचा मिळून एक सूत कमी होतो. 11 शिवणींत 11 सूत, म्हणजे सव्वा इंचाहून जास्त. शिवताना डोळ्याला काहीच दिसत नाही, ओळी शेजारी ठेवल्यावर कळतं.

हा अर्धा सूत तीन ठिकाणांहून येतो. पहिलं, पुठ्ठ्याचा साचा. पाच-दहा चौकोन आखले की त्याची कड झिजते. जुन्या एक्स-रे फिल्मचा किंवा प्लास्टिक फाइलच्या पुठ्ठ्याचा साचा करा. दुसरं, बोथट खडू. त्याची रेघच अर्ध्या सुताची असते, मग कोणी रेघेच्या आतून कापतं, कोणी बाहेरून. अंगाच्या साबणाची झिजून सुकलेली पातळ चकती घ्या, तिची कड बारीक रेघ देते आणि धुतली की जाते. तिसरं ठिकाण मशीनवर आहे. सुई कापडात उतरवा, सुईपासून बरोबर पाव इंच उजवीकडे मशीनच्या धातूच्या पट्टीवर कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि कापडाची कड त्याला लावून शिवा. प्रेसर फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) कडेवर भरवसा नको, प्रत्येक मशीनचा फूट वेगळा.

खात्रीसाठी एक चाचणी: दीड इंच रुंदीच्या 3 पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा, मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर 1 इंच आली पाहिजे. मधली कमी भरली तर टेप सुईकडे सरकवा. हे जमेपर्यंत खरा तुकडा मशीनखाली घालू नका.

इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची. फिरवली की कापड ताणलं जातं, विशेषतः उरेब (तिरकं) कापलेलं. एका ओळीतल्या शिवणी उजवीकडे दाबा, दुसऱ्या ओळीतल्या डावीकडे. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की समोरासमोरच्या शिवणी खाचेत बसतात. बोटाला ते जाणवतं. मग चारही कोपरे एका बिंदूवर मिळतात.

प्रश्न: लांब पट्ट्या जोडून केलेला रनर केळ्यासारखा वाकतो आणि कडा लाटांसारख्या हलतात. (नाशिक, अमरावती)

हे दोन वेगळे दोष आहेत. वाकतो, कारण सगळ्या पट्ट्या तुम्ही एकाच टोकाकडून शिवल्यात. मशीनचे दात खालची पट्टी ओढतात, वरची थोडी मागे राहते, आणि प्रत्येक शिवणीत तोच फरक त्याच दिशेने साठतो. पहिली शिवण वरून खाली घातली तर दुसरी खालून वर घाला. पट्ट्या किनारीला समांतर, उभ्या धाग्यावर कापा. आडवा धागा लवकर ताणतो.

लाटा येतात त्या बाहेरच्या पट्टीमुळे. लांबलचक पट्टी कडेवर ठेवून शिवत गेलं आणि शेवटी उरलेली कापली, की ती हमखास जास्त लागते. त्याऐवजी रनर सपाट ठेवून मधोमध आणि दोन्ही कडांजवळ लांबी मोजा, तिन्हींची सरासरी काढा आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याच मापाच्या कापा. मध्य मध्यावर, टोक टोकावर टाचून मग शिवा. कड पट्टीपेक्षा थोडी जास्त भरली तर टाचण्यांच्या मध्ये वाटून घ्या.

प्रश्न: आत पॉलिफिलचा (पॉलिस्टरच्या भरावाचा) थर घातला. रनर दिसतो छान, पण ग्लास डगमगतात. (ठाणे)

डगमगणारच. रजईचा भराव टेबलावर चालत नाही. जुन्या मऊ सुती साडीचा दुहेरी थर किंवा एकेरी फलालीन पुरे. साडीची किनार आधी कापून टाका, ती अंगापेक्षा जाड असते आणि तिथे उंचवटा राहतो. जुना टर्किश टॉवेल बरेच जण घालतात. तो शिवताना सरकतो आणि धुतल्यावर वाळायला दोन दिवस घेतो, त्यामुळे आम्ही सुचवणार नाही.

एक इशारा. पातळ सुती थर गरम कुकरची धग अडवत नाहीत. पॉलिश केलेल्या लाकडावर खालून पांढरा डाग उमटतो, आणि आत पॉलिस्टर असेल तर ते मऊ होऊन चिकटू शकतं. कुकरखाली लाकडी पाट हवाच.

प्रश्न: माझी जुनी काळी, फक्त सरळ टाक्याची मशीन आहे. तीन थर एकत्र शिवताना मागच्या बाजूला चुण्या पडतात. (कोल्हापूर)

मशीनला दोष देऊ नका, चुण्या जमिनीवर असतानाच पडलेल्या असतात. खालचा थर उलटा करून फरशीवर पसरा आणि कडा कागदी टेपने चिकटवा, आधी लांबीचा मध्य, मग टोकं, मग मधल्या जागा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर टेप काढल्यावर ते आक्रसतं आणि पुन्हा चुण्या. त्यावर साडीचा थर, त्यावर जोडलेले चौकोन. मधून बाहेर हात फिरवत जा. मग चार-चार इंचांवर सेफ्टीपिना लावा किंवा लांब कच्चे टाके घाला. 72 इंचांच्या रनरला पन्नास-साठ पिना सहज लागतात. इथे कंजुषी केली की मागे चुणी आलीच.

आता मशीन. प्रेसर फूटच्या दांड्यावरचा स्क्रू दोन-तीन वळसे सैल करून दाब कमी करा. तुकडे जोडताना इंचाला 10 ते 12 टाके ठीक, तीन थरांना 8 टाके. सुई 14 नंबरची, जीन्सचे तुकडे असतील तर 16. पहिली शिवण रनरच्या मधोमध, लांबीत घाला. आडव्या शिवणीही मधल्या चौकोनापासून टोकांकडे. कडेकडून आत शिवत आलात तर जादा कापडाचा फुगा मध्ये अडकतो. मागून ओढू नका, दोन्ही तळवे सुईच्या दोन बाजूंना सपाट ठेवून कापड फक्त वळवा.

वरच्या थरालाही दात असलेला वॉकिंग फूट मिळतो. तो घेण्याआधी आपल्या मशीनला लो-शँक (आखूड दांड्याचा) फूट बसतो का, ते दुकानात जुना फूट दाखवून विचारा.

प्रश्न: पैठणीचे काठ, इरकलचे आणि खणाचे तुकडे सुती तुकड्यांबरोबर वापरता येतील का? (पुणे, सोलापूर)

येतील, पण मग तो रोजच्या जेवणाचा रनर नाही. सणावारी पसरायचा.

खण फार उसवतो. पाव इंच माया ठेवली तर शिवणच सुटते, अर्धा इंच ठेवा आणि कापल्याबरोबर मागून मलमलचं अस्तर टाचून घ्या. इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंगही चालतं, आधी कोपऱ्यावर तपासून. इरकलमध्ये काठ रेशमी किंवा रेयॉनचा आणि अंग सुती असेल तर दोन्ही वेगवेगळे आटतात, म्हणून काठ आणि अंग वेगळं कापा. पैठणीच्या काठाचं रेशीम आधी तपासा: घडी घालून हलकेच ताणा. घडीवर धागे तुटत असतील तर तो काठ शिवण सोसणार नाही, भिंतीवरच्या चौकटीत लावा. धड असेल तर 11 नंबरची नवी सुई घ्या, बोथट सुई जरीची तार ओढून काढते. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून, वाफ बंद. असा रनर पाण्यात घालायचा नाही.

प्रश्न: मशीन नाही. हाताने, गोट न लावता रनर पूर्ण करायची काही पद्धत आहे का? (बेळगाव)

तुमच्या शेजारीच आहे. हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, शिवतात, ती पद्धत रनरला अगदी योग्य. आपल्या गोधडीत थर आधी पसरून मग टाके घालतात, कवंदीत ठिगळ जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी होतं.

सुती साडीचा 73 बाय 13 इंचांचा तुकडा घ्या आणि चारही कडा अर्धा इंच आत दुमडून टाचा. भराव हवा असेल तर एक थर त्या दुमडीखाली सरकवा, नसला तरी चालतो. एका कोपऱ्यावर पहिलं ठिगळ ठेवा. त्याच्या बाहेरच्या दोन कडा आत दुमडून खालच्या कडेशी जुळवा आणि कडेला लागून धावदोरा घाला. पुढचं ठिगळ येईल तिथे त्याची कड पाव इंच दुमडून आधीच्या ठिगळावर चढवा, टाका न तोडता पुढे जा. चारही बाजू फिरून आलात की आतली दुसरी फेरी, पहिलीपासून बोटभर आत. असं गोल गोल मध्याकडे. कडा आधीच बंद झालेल्या असतात, म्हणून गोटाची गरजच नाही.

चूक होते ती मध्यावर: खालचं कापड थोडं थोडं आत ढकललं जाऊन शेवटी फुगा उरतो. दर फेरीला रनर उलटा करून तळहाताने सपाट करा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंतायला लागतो.

कोपऱ्यांवर लहान चौकोनाच्या त्रिकोणी घड्या बसवतात, त्यांना फूल म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पूर्ण मानत नाहीत, तेव्हा तुम्हीही चार फुलं लावाच. सुरुवातीलाच दोन कडांच्या मध्ये घडी खोचायची असते, नंतर आठवलं तर कोपरा उसवावा लागतो.

प्रश्न: गोटाचे कोपरे गोल होतात. (सातारा)

कोपऱ्याच्या पाव इंच आधी शिवण थांबवा आणि दोरा तोडा. पट्टी सरळ वर दुमडा, म्हणजे 45 अंशांची घडी पडेल, मग त्याच कडेला धरून खाली आणा आणि नव्या बाजूची शिवण अगदी वरच्या टोकापासून सुरू करा. पाव इंचाऐवजी कडेपर्यंत शिवत गेलं की घडी अडकते, कोपरा गोल होतो. मागची बाजू हाताने तुरपाई करून बसवा.

प्रश्न: हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला. कापड गेलं का? (लातूर)

नाही. हळद क्षारात लाल होते, साबण धुऊन निघाला की पुन्हा पिवळी पडते. साबणाने हलक्या हाताने धुवा आणि डाग वर करून कडक उन्हात वाळत घाला. उन्हाने हळदीचा रंग उडतो, एका दुपारी नाही गेला तर पुन्हा ओला करून दुसऱ्या दिवशी. शेजारचे गडद तुकडे मात्र जुन्या कापडाने झाकून ठेवा, त्यांचाही रंग ऊन खातं.