लिव्हर मोजलंस का?

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि झोपच उडाली. ट्यूमरपर्यंत कॅन्सरचं औषध नेणारा तुझा नॅनोकण: आयर्न ऑक्साइडचा कोअर, त्यावर पॉलिमर, आत डॉक्सोरुबिसिन हे औषध, बाहेर ट्यूमरच्या पेशींना चिकटायला फोलिक ॲसिड, आणि आता गाईड म्हणतायत गोल्डपण चढव म्हणजे लेझरने तापवताही येईल. तू विचारतेस गोल्ड लावू की दुसरं काही. अगं, एवढा लांबलचक मेसेज आणि त्यात लिव्हर हा शब्द एकदाही नाही!

२०१६ मध्ये टोरंटोच्या वॉरन चॅनच्या ग्रुपने अशा नॅनोकणांवरचे दहा वर्षांचे पेपर चाळले, तर टोचलेल्या डोसपैकी ट्यूमरमध्ये पोचलेला भाग मीडियनने ०.७ टक्के निघाला. शंभरात एकसुद्धा नाही. रक्तात शिरल्याशिरल्या कणांवर प्रोटीन चढतात, मग लिव्हरमधल्या कुप्फर पेशी (रक्तातले परके कण गिळणाऱ्या) आणि स्प्लीन त्यांना उचलून घेतात. हे तुला पाठ आहे गं, पण पाठ असणं वेगळं आणि स्वतःच्या उंदराचं लिव्हर वाटून त्यातलं औषध मोजायला एचपीएलसी मशीनला लावणं वेगळं.

माझं सांगते. पीएचडीत मी कणांवर डाय, म्हणजे चमकणारा रंग, लावला होता, ट्यूमर लख्ख चमकला, पेपर झाला, सगळे खूश. दोन वर्षांनी फ्रीझरमधले तेच टिश्यू काढून औषध मोजलं तर ट्यूमरमध्ये जवळपास तेवढंच, जेवढं नुसतं औषध टोचून गेलं असतं, बाकीचं लिव्हरमध्ये. डाय कणापासून कधीच सुटला होता, मी डायचा फोटो छापला होता. सांगायला गेले तर म्हणाले आता छापून झालंय, कशाला उकरतेस. आणि मी गप्प बसले. ते अजून टोचतं.

म्हणून माझ्याकडे नियम आहे, लिव्हर मोजल्याशिवाय ट्यूमरचा फोटो दाखवायचा नाही. यामुळे पेपर उशिरा गेले, दोन मुलं दुसऱ्या लॅबमध्ये गेली, लोक म्हणतात मी करिअर अडवते. अडवत असेन. पण चुकीच्या चित्रावर उभं राहिलेलं करिअर कसं असतं ते मी आतून बघितलंय, त्यामुळे याबाबतीत मी ऐकणार नाही.

एमआरआयवर विसंबू नकोस. आयर्न ऑक्साइडने ट्यूमर काळा दिसतो, पण आत रक्त साकळलं तरी काळाच दिसतो. आणि दिसतं ते लोह, औषध वाटेतच गळलं असेल तर स्कॅन काय सांगणार? लोह आयसीपी-एमएसने (धातू मोजायच्या मशीनने) मोज, औषध वेगळं मोज, दोन्ही त्याच लिव्हरमधून, त्याच ट्यूमरमधून.

आणि सगळं एकाच कणात कोंबायलाच हवं असंही नाही. फेरुमॉक्सिटॉल २००९ ला किडनीच्या पेशंटच्या ॲनिमियासाठी मंजूर झालं, साधा लोहाचा कण. २०१७ च्या एका छोट्या अभ्यासात पेशंटना आधी ते देऊन एमआरआय काढला, मग लायपोसोममधलं, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणात भरलेलं, इरिनोटेकान हे कॅन्सरचं औषध दिलं, आणि ज्या गाठींत फेरुमॉक्सिटॉल जास्त शिरलं होतं त्या जास्त आकसल्या. बघायचा कण वेगळा, औषधाचा वेगळा. मला हे गोल्डपेक्षा शंभरपट आवडतं.

तू हुशार आहेस, हात चांगला आहे तुझा, म्हणूनच चिडतेय. सोमवारी गाईडना सांग, गोल्ड नंतर, आधी आहेत त्या उंदरांचे आकडे. भांडण झालं तर माझं नाव पुढे कर.

पण एक सांग, गेल्या महिन्यातल्या उंदरांची लिव्हर उणे ८० च्या फ्रीझरमध्ये ठेवलीस ना, की ट्यूमर काढून बाकी सगळं फेकलंस? आजच कळव.