लेन्स साडेसहाची, चष्मा सातचा: नंबर चुकला की वाढला?

पुण्यात बँकेत नोकरी करणारी ३१ वर्षांची तरुणी. कॉलेजपासून सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स. सकाळी घातल्या की थेट झोपतानाच काढायच्या. चष्मा होता, पण जुन्या नंबरचा आणि रात्री उठण्यापुरता. यंदाच्या तपासणीत पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) कडेनं आत बारीक रक्तवाहिन्या शिरताना दिसल्या, वरच्या पापणीच्या आत खडबडीत उंचवटे आले होते. नेत्रतज्ज्ञांनी लेन्स बंद करायला सांगितल्या. नवा चष्मा मिळाल्यावर चौथ्या दिवशी ती चष्म्याच्या समुपदेशनाला आली.

"लेन्सच्या डबीवर मायनस साडेसहा आहे, चष्म्याच्या कागदावर मायनस सात. नंबर चुकलाय नाहीतर वाढलाय. मान वळवली की खोली डोलते, जिन्यावर पायरीचा अंदाज येत नाही, संध्याकाळी कपाळ ठणकतं. आणि आरशात डोळे मण्यांएवढे दिसतात."

लेन्स सोडून चष्म्यावर येणारे बहुतेक जण हेच सांगतात, आणि बहुतेकांना "होईल सवय" एवढंच उत्तर मिळतं. सवयीनं यातलं काही जातं, सगळं नाही. म्हणून आधी तक्रारी सुट्या केल्या.

नंबर चुकलेला नव्हता. लेन्स डोळ्यावर बसते, चष्म्याची काच साधारण १२ मिलिमीटर पुढे असते. मायनस काच डोळ्यापासून लांब गेली की तिची ताकद कमी पडते, म्हणून चष्म्यात ती वाढवून द्यावी लागते. चष्म्यातला सात आणि लेन्समधला साडेसहा डोळ्याच्या लेखी एकच. चारच्या आतल्या नंबरात हा फरक जाणवण्याइतका नसतो. (याच कारणानं चष्म्याचा नंबर पाहून परस्पर लेन्स मागवणंही चूक.) नंबर काढताना लेन्स किती दिवस बंद होत्या, हेही विचारलं, कारण लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो आणि ती काढल्या काढल्या घेतलेला नंबर फसवू शकतो. तिच्या लेन्स आठवडाभर बंद होत्या, त्यामुळे ती शंका मिटली.

खोली डोलण्याचं कारण मेंदूत आहे. मान वळली की नजर स्थिर राहावी म्हणून मेंदू डोळे उलट दिशेला तेवढेच फिरवतो. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे हा हिशेब तिच्या मेंदूत वर्षानुवर्षं पक्का बसला होता. चष्म्याची काच डोळ्याबरोबर फिरत नाही, आणि सातच्या नंबरात सगळं सुमारे आठ टक्के लहान दिसतं. जुन्या हिशेबानं फिरवलेले डोळे जरा जास्तच फिरतात, म्हणून भिंती हलल्यासारख्या वाटतात. त्यात तिच्या डाव्या डोळ्याला पाऊणचा सिलिंड्रिकल नंबर (एकाच दिशेतला, तिरका नंबर) होता. तो लेन्समध्ये कधी दिलाच नव्हता, आता चष्म्यात आला, म्हणून दाराची चौकट तिरकी दिसायची. हे दोन्ही एक-दोन आठवड्यांत बसतं, पण चष्मा दिवसभर घातला तरच. ऑफिसात लेन्स आणि घरी चष्मा असं सुरुवातीला केलं की मेंदूला रोज नव्यानं गिरवावं लागतं.

कपाळ ठणकण्याचं कारण मात्र चष्म्यातच होतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं, ते ६० मिलिमीटर भरलं. काचांचे मध्यबिंदू मशीनवर तपासून शाईनं खुणा केल्या, तर त्यांतलं अंतर ६६! म्हणजे दोन्ही डोळे मध्यापासून ३ मिलिमीटर आतून बघत होते. सातच्या नंबरात एवढ्यानंही प्रत्येक डोळ्यापुढे दोन प्रिझम डायॉप्टर (काच नजर बाजूला किती वळवते त्याचं माप) उभे राहतात आणि डोळ्यांना सतत बाहेर ताणलेलं राहावं लागतं. दीड-दोनच्या नंबरात अशी चूक बहुधा पचून जाते, मोठ्या नंबरात नाही. याला सवय हा उपाय नव्हे. काचा बदलूनच घ्यायच्या.

काचा बदलायच्याच होत्या, तर फ्रेमही बदलली. दांडीच्या आत ५४ १८ १४० असे आकडे छापलेले होते: एका काचेची रुंदी ५४, नाकावरचा पूल १८, दांडीची लांबी १४०. पहिल्या दोन्हींची बेरीज बाहुल्यांच्या अंतराच्या जितकी जवळ, तितकी मायनस काचेची कड बारीक. ५४ आणि १८ म्हणजे ७२, तिच्या ६०ला फारच मोठी. नवी फ्रेम ४६ १७ची, म्हणजे ६३. जाड ॲसिटेटची, काचा १.६७ इंडेक्सच्या (इंडेक्स जास्त तितकी काच पातळ), वर चकाकी कमी करणारं अँटिरिफ्लेक्शन कोटिंग. डोळ्यांच्या जवळ बसणारी फ्रेम घेतली की डोळे लहान दिसणंही थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. "छान दिसतेस गं" या घरच्या दिलाशानं तिला काडीचाही फरक पडला नव्हता, आणि पडणारही नव्हता. "ढापणी" हा शाळेतला शब्द तिच्या मनातून गेला नव्हता. तिला काचेची कड किती पातळ होईल ते आकड्यात हवं होतं, ते दिलं.

पहिल्या आठवड्यासाठी सांगितलं ते असं: सुरुवात सुट्टीच्या दिवशी करायची, सकाळी उठल्याबरोबर चष्मा लावायचा. कडेचं बघायला डोळे न तिरकावता मान वळवायची. जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन काचेच्या मधूनच पायरी बघायची, हात कठड्यावर. डोलणं थांबेपर्यंत स्कूटर नाही. चष्मा नाकावरून घसरत असेल तर दुकानात दांड्या आवळून घ्यायच्या. काच ओढणीनं पुसायची नाही. नळाखाली धरून भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब लावून धुवायची, मग मायक्रोफायबरनं टिपायची. दोन आठवड्यांनंतरही डोकेदुखी किंवा दोन-दोन दिसणं राहिलं तर परत यायचं. आणि अचानक प्रकाश चमकला, काळे ठिपके वाढले तर चष्म्याची वाट न बघता त्याच दिवशी डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी, कारण एवढ्या मायनस नंबरात पडदा फाटण्याचा धोका जास्त असतो.

नव्या काचांवर डोकेदुखी तीन दिवसांत गेली, डोलणं दुसऱ्या आठवड्यात. मग तिनं खरा प्रश्न काढला: डिसेंबरात भावाचं लग्न आहे, त्या दिवशी लेन्स चालतील का? ते नेत्रतज्ज्ञांनी पापणी आणि पारपटल पुन्हा तपासून ठरवायचं. होकार आलाच तर एकदाच वापरून टाकायच्या डेली लेन्स, विधीपुरत्या काही तास, आणि पर्समध्ये चष्मा.