व्हिक्सने डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे वास येतो का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. परवा मी अंगणात तूर निवडत बसले होते आणि ती स्वयंपाकघरात गृहपाठ करत होती. गॅसवरचं दूध करपलं. मला अंगणात वास आला, पण गॅसच्या शेजारी बसलेल्या तिला पत्ताच नाही. तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. फोडणीचा ठसका लागला तर खोकते, पण "काय मस्त वास सुटलाय" असं कधी म्हणत नाही. रात्री तोंड उघडं टाकून झोपते, घोरतेही. सासूबाईंनी नाकाशी व्हिक्स धरलं तर डोळ्यांत पाणी आलं, शिंकली. त्या म्हणतात, "नाक चांगलंय लेकराचं, ध्यान नसतं तिचं." डोळे तपासतात तसा वास तपासता येतो का? घरी काही करता येईल का?
— एक आई, जिंतूर तालुका

उत्तर : ताई, व्हिक्सवरून काहीच ठरत नाही. नाकातून मेंदूकडे दोन वेगळ्या नसा बातमी नेतात. वासाची पहिली, आणि झोंबणं, थंडावा, जळजळ कळवणारी पाचवी. व्हिक्स, कापूर, निलगिरी, कापलेला कांदा, चुना-नवसागर, स्पिरिट हे सगळे पाचव्या नसेला डिवचतात. ज्याला जन्मापासून वास येत नाही, त्याच्याही डोळ्यांत व्हिक्सने पाणी येतं. फोडणीचा ठसका त्यातलाच. तेव्हा सासूबाईंनी तपासलं ते नाकच, पण नस दुसरी.

आता घरची तपासणी. सारख्या दिसणाऱ्या चार-पाच लहान डब्या घ्या. (हिंगाच्या नकोत. त्या कितीही घासल्या तरी आत हिंगच राहतो.) प्रत्येकीत कापसाखाली एकेक वस्तू ठेवा: ठेचलेला लसूण, मोसंबीची ताजी साल, चहापत्ती, अंगाचा साबण. एका डबीत नुसता पाण्याचा कापूस ठेवा, ही डबी विसरू नका. सर्दी नसेल त्या दिवशी, स्वयंपाक सुरू नसताना, मुलीला डोळे मिटायला सांगा. डबी नाकाखाली दोन बोटांवर धरा, दोन-तीनदा हुंगू द्या. पहिला प्रश्न एवढाच: काही वास आला का? पाण्याच्या डबीलाही "आला" म्हणाली तर ती तुम्हाला खूश करायला बोलते आहे, असं समजा. पुढची डबी अर्ध्या मिनिटाने द्या, लगेच नको.

मग नाव विचारायची घाई करू नका. लसूण, मोसंबी, चहाचा कप, साबण असं समोर मांडा आणि "यातलं कोणतं?" म्हणून बोट ठेवायला सांगा. चारातून एक निवडायचं म्हटलं की डोळे झाकून चारात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीवर काही ठरवू नका. क्रम बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

नाव विचारू नका म्हणते त्याला कारण आहे. माझ्या टेबलाच्या खणातही अशाच डब्या असतात. पूर्णा तालुक्यातला एक पोरगा आला होता. कॉफीची डबी धरली तर बराच वेळ हुंगून म्हणाला, "पाव्हणे आल्याचा वास." त्यांच्या घरी कॉफी पाहुण्यांनाच होते. कागदावर हे उत्तर चूक, पण नाक अगदी ठणठणीत. मुलांच्या वासाच्या चाचणीतली खरी अडचण इथेच आहे. पाच-सहा वर्षांच्या लेकराकडे वासांची नावंच थोडी असतात. त्याचे मार्क कमी पडतात ते शब्द कमी पडल्यामुळे किंवा कंटाळ्यामुळे, आणि शिक्का बसतो नाकावर.

परदेशी चाचण्या तशाच्या तशा इथे चालत नाहीत, त्याचंही कारण हेच. अमेरिकेत 1984 मध्ये पुढे आलेली प्रसिद्ध चाचणी 40 वासांची आहे. कागदावरचा ठिपका खरवडायचा, हुंगायचं आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. त्या वासांत पिझ्झा आहे आणि शेपू घातलेलं काकडीचं लोणचंही. आमच्याकडच्या लेकरांना शेपूची भाजी दोन घरांवरून ओळखू येते, कित्येक जण तर वासानेच पळ काढतात. पण शेपूचं लोणचं कुणी पाहिलंय? वर 40 वास म्हणजे मोठ्या माणसाचाही धीर सुटतो. जर्मनीत वासाची पेनं तयार झाली. टोपण काढायचं आणि पेन नाकाखाली धरायचं. पुढे त्याच पद्धतीवर खास मुलांसाठी, अनेक देशांतल्या लहान मुलांवर अजमावून, 12 वासांची चाचणी 2018 मध्ये आली. तिच्यात चित्रांवर बोट ठेवायचं असतं आणि ती थोडक्यात उरकते. बाराही उत्तरं अंदाजाने दिली तरी सरासरी तीन बरोबर येतात, हे तिथेही ध्यानात ठेवावं लागतं.

आणखी एक सोपी गोष्ट करून बघा. मुलीला नाक चिमटीत धरायला सांगून जिभेवर थोडा गुलकंद ठेवा. "कसं लागतं?" "गोड." मग चिमूट सोडायला सांगा. वास येत असेल तर त्याच क्षणी गुलाब कळतो आणि चेहरा बदलतो. काहीच फरक पडला नाही, तर शंका पक्की धरा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ करपलेल्या दुधाची नाही, उघड्या तोंडाने झोपण्याची आणि घोरण्याची आहे. वास ओळखणारी त्वचा नाकाच्या अगदी छताशी असते, जेमतेम काही चौरस सेंटिमीटर. हवा तिथपर्यंत पोचली तरच वास. या वयात नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढलेली असते किंवा अ‍ॅलर्जीने नाक आतून सुजलेलं असतं. आपल्याकडे तुरीची रास, जिनिंगची कापूसधूळ, उन्हाळ्यातला फुफाटा, कारणांना तोटा नाही. दुर्बीण किंवा बाजूने काढलेला एक्स-रे बघून गाठ कळते. बऱ्याच मुलांना नाकातल्या स्टिरॉइडच्या फवाऱ्याने आराम पडतो, काहींची गाठ काढावी लागते. "स्टिरॉइड" ऐकून घाबरू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत त्याचा बहुतेक परिणाम नाकापुरताच राहतो.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर मात्र आधी आत काही अडकलंय का ते बघायचं. हरभरा, थर्माकोल, मणी, काहीही निघतं. घड्याळाचा किंवा खेळण्यातला बटन सेल गेल्याची शंका असेल तर त्याच तासाला निघा, तो आतली त्वचा जाळतो. डोक्याला मार लागला होता का, तापासोबत वास गेला का, हेही आठवून ठेवा.

आणि जन्मापासूनच वास नसलेली मुलं? ती कधी तक्रारच करत नाहीत, कारण काय येत नाही हेच त्यांना ठाऊक नसतं. म्हणून उशिरा कळतं. त्यांच्या मेंदूतले वासाचे कंद तयार झालेत का, ते एमआरआयमध्ये दिसतं. काहींना पुढे वयात यायलाही उशीर होतो. याला कॅलमन सिंड्रोम म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. मुलगी तेराव्या वर्षापर्यंत किंवा मुलगा चौदाव्यापर्यंत वयात येण्याची चिन्हं दिसली नाहीत, तर वासाची ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे डोळे, कान, दात यांची तपासणी असते, वासाची नाही. पण तुम्ही घोरण्याचं सांगितलंत तर ते पुढे चिठ्ठी देतील. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. निदान होईपर्यंत तिला एकटीला गॅसजवळ बसवू नका. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात, आणि ते हिला कळेलच याची आज खात्री नाही.

प्रश्न : नातू चार महिन्यांचा आहे. नाक मोकळं राहावं, वास चांगला यावा म्हणून आंघोळीनंतर नाकात तेलाचे थेंब सोडते. सून नको म्हणते. आमच्या सगळ्या लेकरांना सोडलं की!
— एक आजी, केज

उत्तर : आजी, या बाबतीत सुनेचं ऐका. तेल घशातून गुपचूप फुप्फुसात उतरतं, बाळाला खोकलाही येत नाही, आणि त्याने न्यूमोनिया होतो. तुपाचंही तेच. वासाला तेलाची गरज नाही. आठवडाभराचं बाळसुद्धा आईच्या दुधाचा वास ओळखून तिकडे मान वळवतं. नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजायच्या आधी एकेक सोडा. व्हिक्स दोन वर्षांच्या आत लावायचंच नाही, छातीलाही नाही. दूध ओढेना झालं किंवा श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या तर वाट न बघता दवाखाना गाठा.